पुसलेल्या रेघेखालची सही

बारीकराव अंगाने मुळीच बारीक नव्हते. ते बसले की खुर्ची एकदा कण्हायची आणि मग आलिया भोगासी म्हणून गप्प व्हायची. नाव पडलं होतं ते त्यांच्या रेघेवरून. शहराच्या पाणी खात्यात नकाशे काढायला लागले तेव्हा जेमतेम विशीचे होते, आणि तेव्हाच हा जाडजूड माणूस पेनाने अशी रेघ ओढायचा की कागदावर केस पडलाय असं वाटून लोक फुंकर मारायचे. केस काही उडायचा नाही. मग हसायचे आणि म्हणायचे, "वा, बारीकराव!" खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं. बायकोसुद्धा रागावली की "अहो बारीकराव" म्हणायची, आणि ती बरेचदा रागवायची.

नकाशाची खोली तेव्हा वेगळी होती. उतरती मोठी टेबलं, वर लोंबणारे दिवे, दुधात पाणी घातल्यासारखा अर्धवट पारदर्शक कागद, काळी शाई, आणि पातळ ते जाड अशी ओळीने मांडलेली पेनं. रेघ चुकली तर ब्लेडने खरवडायची, कागदाला भोक न पाडता. त्या खोलीच्या मुख्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तर बोलायचे कमी आणि खोकायचे जास्त, पण त्यांचे दोन नियम होते आणि ते मोडणाऱ्याची खैर नसायची.

एक असा, की जे चालू आहे ते जाड आणि जे बंद पडलंय ते बारीक. चालू पाण्याचा नळ जाड पेनाने काढायचा. वर कमान बांधून, माती टाकून, रस्त्याखाली गाडलेला जुना नाला सगळ्यात बारीक पेनाने.

दुसरा नियम सहीचा. रेघ काढणाऱ्याने सही केली नाही तरी चालेल, पुसणाऱ्याने केलीच पाहिजे. समासात काय पुसलं ते लिहायचं, तारीख घालायची, खाली सही.

"काढलेली रेघ दिसते रे," मास्तर खोकत म्हणायचे. "ती आपली आपण बोलते. पुसलेलीच्या वतीने कोण बोलणार?"

मग मास्तर गेले, टेबलं गेली, शाई दौतीत वाळून गेली. कॉम्प्युटर आले. बरोबरीच्यांनी कुणी गुडघ्याचं, कुणी पाठीचं, कुणी सुनेचं कारण काढून लवकर घरचा रस्ता धरला. बारीकराव राहिले. पन्नाशीचा माणूस माऊस धरायला शिकला, तोही असा धरायचा की मांजराचं पिल्लूच हातात आहे. पण एक गोष्ट त्यांना शेवटपर्यंत पटली नाही. पडद्याला समास नव्हता. रेघ पुसली की पुसली, मागे ओरखडासुद्धा नाही. म्हणून त्यांनी खिशात मावेल अशी एक वही केली. दिवसभरात जे जे पुसलं ते निघायच्या आधी तिच्यात लिहायचं, तारीख, सही, आणि वही परत खिशात. ती कुणी मागितली नव्हती. खोलीत बऱ्याच जणांना वाटायचं, काका देवाचं नाव लिहितात.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना साहेबांनी ठरवलं की नकाशे कपाटात कुजत ठेवायचे नाहीत, वेबवर टाकायचे. म्हणजे कुणीही आपला मोबाईल उघडावा आणि आपल्या रस्त्याखाली काय आहे ते बघावं. रस्ता खोदणाऱ्यांना तर हुकूमच निघाला, नकाशा बघितल्याशिवाय कुदळ मारायची नाही. या कामासाठी एक बाई आली. तिशीची, जाड भिंगांची, एका हाताने टाइप करत दुसऱ्या हाताने डबा खाणारी. खोली तिला चष्मेवाली म्हणू लागली आणि ती बारीकरावांना काका.

तिने पहिल्या दिवशी जुनी शीट पडद्यावर घेतली आणि बारीकरावांचा चेहरा पडला. त्यांची तिरकी रेघ जिन्यासारखी दिसत होती. पायरी, पायरी, पायरी.

"ही माझी नाही," ते म्हणाले.

"थांबा हो काका." तिने कुठेतरी एक खूण केली आणि जिना विरघळून रेघ झाली.

"काय केलंस?"

"अँटीएलिअसिंग म्हणतात त्याला. कडा गुळगुळीत करायच्या. पडदा सगळा बारीक बारीक चौकोनांचा असतो ना? रेघ एखाद्या चौकोनाला अर्धीच चाटून गेली, तर कॉम्प्युटर तो चौकोन अर्ध्याच रंगाने भरतो. पाव चाटली तर पाव. मग डोळा फसतो आणि म्हणतो, सरळ आहे."

घरी आल्यावर बारीकरावांनी हा चमत्कार बायकोला सांगितला. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. तरी ती जाळीच्या कापडावर घरं मोजून उशीचे अभ्रे भरायची, कारण हात रिकामे ठेवायची तिला सवय नव्हती. सुईत दोरा तेवढा ओवता यायचा नाही. म्हणून संध्याकाळी चहा झाला की बारीकराव सात सुया ओवून उशीला टोचून ठेवायचे. एका दमात ओवायचे आणि दरवेळी "बघ" म्हणायचे, जसं काही तिला दिसतच होतं.

"एवढंच ना?" ती म्हणाली. "मग मी काय वेगळं करते? तिरकी डहाळी भरली की पायऱ्या दिसतात. कडेच्या घरांत फिकट हिरवा घालायचा. लांबून बघणाऱ्याला वाटतं, काय वळण साधलंय बाईने!"

"तुला पगार द्यायला हवा त्यांनी."

"तुमचा येतोय तेवढा बस. आणि एक सांगते. एकटा बारीक देठ असेल ना, त्याला फिकट दोरा लावायचा नाही. कापडात मिसळतो. नंतर माझा मलाच सापडत नाही."

बारीकराव पाचवी सुई ओवत होते. "बघ," म्हणाले.

तेच चष्मेवालीनेही सांगितलं. झाकलेल्या नाल्यांची रेघ एका चौकोनापेक्षाही बारीक होती. चौकोन पावच भरला जायचा, बाकी कोरा. त्यामुळे काळी रेघ पडद्यावर फिकट करडी, असून नसल्यासारखी. "दोन-तीन चौकोन जाड करू काका, आणि गडद. मोबाईलवर उन्हात बघतात लोक."

"हा नकाशा आहे की कुंपण?"

"पण दिसायला नको?"

"बघणाऱ्याला दिसते. बंद पडलेलं बारीकच काढायचं, हा नियम आहे. अडतीस वर्षांत कुणी बोट ठेवलं नाही माझ्या रेघेवर."

ती नवी होती. खांदे उडवून डब्याकडे वळली.

नकाशा वेबवर गेला आणि आठवड्याभरात फोन वाजायला लागले. नकाशात ज्या टाकीचं पाणी त्या टाकीचा रंग, असे फिकट रंगांचे तुकडे शेजारी शेजारी बसवलेले होते. आणि दोन तुकडे जिथे भेटत तिथे पांढुरकी रेघ दिसत होती. ती कुणी काढलेली नव्हती. एक बाई फोनवर कडाडली, "आमच्या न्हाणीघरातून रस्ता नेलाय तो कुणाला विचारून?" एका गृहस्थाला तो रस्ता पसंत पडला होता. कधी होणार ते विचारत होता, म्हणजे कोपऱ्यावर दुकान टाकता येईल.

"या फटी आहेत," चष्मेवाली म्हणाली. "कडा गुळगुळीत केल्याचा परिणाम. कडेचा चौकोन एका तुकड्याने अर्धा भरला, मग दुसऱ्याने त्यावर अर्धा. पण अर्धा आणि अर्धा मिळून पुरा होत नाही काका. दोन विरळ विणीची फडकी एकावर एक ठेवा, खालचं थोडं दिसतंच. तसा खालचा पांढरा डोकावतोय."

हे नीट करायचं तर सगळे तुकडे नव्याने बांधायला तीन आठवडे लागले असते. साहेबांकडे आठ दिवस होते. पुढच्या सोमवारी वरचे लोक नकाशा बघायला येणार होते. गुळगुळीतपणाच काढून टाकला तर फटी जात होत्या, पण मग सगळ्या रेघांना करवतीचे दात येत. साहेब म्हणाले, "दातही नकोत आणि फटीही नकोत. काय करायचं ते करा."

"मी पट्ट्या लावतो," बारीकराव म्हणाले. कागदावर शाई सांडली तर पांढरं लावायची त्यांची जुनी सवय. इथेही तेच. तुकड्याच्याच रंगाची चिंचोळी पट्टी फटीवर बसवायची, सगळ्यांच्या वर, की खालचं काही दिसायला नको.

"चालेल," चष्मेवाली म्हणाली, "पण पट्टी वर बसणार, म्हणजे खालची खरी रेघही झाकेल. म्हणून आधी तपासायचं. खालचा कागद पांढऱ्याचा लाल करायचा. फट असेल तर ती लाल होते, कारण तिथे काही नाहीच, खालचंच दिसतंय. खरी रेघ आपला रंग सोडत नाही. लाल झाली तरच पट्टी. प्रत्येक वेळी, काका."

"प्रत्येक वेळी," ते म्हणाले, आणि तसंच केलं. एकूण चौदा शीट होत्या. तेरा शीटभर त्यांनी फट दिसली की कागद लाल केला, बघितलं, परत पांढरा केला, पट्टी लावली. दोनशेच्या वर फटी. लाल बघून बघून भिंतीवरसुद्धा लाल ठिपके नाचायला लागले. शनिवारी दुपारी चौदावी शीट उघडली तेव्हा खोली रिकामी झाली होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. सात फटी होत्या. सातही सारख्याच फिकट, सारख्याच बारीक.

आणि इथे बारीकरावांमधला जुना कारागीर जागा झाला. आयुष्यभर डोळ्याने रेघ तोलली, आता कागद लाल करून ओळखायची वेळ आली काय? एवढ्या सातांना काय बघायचं? त्यांनी सात पट्ट्या लावल्या. वही काढून लिहिलं: "शीट चौदा. फटी सात. बुजवल्या." तारीख. सही. आणि घरी जाऊन सात सुया ओवल्या.

सातातल्या सहा फटी होत्या. सातवी त्यांचीच रेघ होती. चोविसाव्या वर्षी मास्तरांबरोबर मोजायची साखळी घेऊन ते त्या झाकलेल्या नाल्यावरून चालले होते, पायाखाली कुठे पोकळ वाजतं ते ऐकत, आणि मग सगळ्यात बारीक पेनाने त्यांनी तो काढला होता. टाक्यांचे भाग पाडणाऱ्यांनी पुढे नाल्याच्याच काठाने हद्द धरली. म्हणून ती रेघ नेमकी दोन रंगांच्या मधोमध आली, कडा मऊ होऊन फटीसारखीच फिकी पडली, आणि बापाने लेकराला गर्दीत ओळखू नये तसं झालं.

सोमवारी वरचे लोक आले. "किती स्वच्छ!" म्हणाले. चहा पिऊन गेले.

दोन महिने गेले. एका मंगळवारी सकाळी त्या रस्त्यावर नवा नळ टाकायचं काम चालू होतं. खोदायचं मशीन चालवणारा पस्तिशीचा एक माणूस, आणि खड्ड्यात उतरून पाईप जोडणारा त्याचा दोस्त. दोस्त इतका उंच की त्याला सगळे लांब्याच म्हणत. दोघं नऊ वर्षं एकत्र काम करत होते, एका डब्यात जेवत होते. मशीनवाल्याने नियमाप्रमाणे मोबाईलवर नकाशा बघितला. त्यात रस्त्याखाली काही नव्हतं. त्याने मशीन खड्ड्याच्या काठाला आणून उभं केलं. लांब्या खाली उतरला. दहा मिनिटांत मशीनच्या चाकाखालची जुनी कमान बसली, मशीन आडवं झालं आणि खड्ड्याची अख्खी बाजू घेऊन आत गेलं. मशीनवाल्याचा हात मोडला. लांब्याला काढायला दुपार झाली. घाई करण्यासारखं तोवर काही उरलं नव्हतं.

अकराच्या सुमाराला बातमी खात्यात आली. रस्त्याचं नाव बारीकरावांनी ऐकलं. चौदावी शीट. ते धडपडत कॉम्प्युटरशी गेले, पण आधी पासवर्डच आठवेना, मग साहेबांनी सगळ्यांना आत बोलावलं. पडद्यासमोर बसायला मिळालं तेव्हा बारा वाजून गेले होते. त्यांनी शीट उघडली. आणि रेघ होती! दोन रंगांच्या मधोमध, फिकट करडी, केसासारखी. त्यांचीच. त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी रुमालाने मान पुसली. मशीनवाल्याने बघितलं नाही, दुसरं काय, असंही क्षणभर मनात येऊन गेलं. ते क्षणभराचं मनात येणं पुढे त्यांना फार जड गेलं.

चष्मेवाली मान वर करून बघत नव्हती. चहाच्या टपरीवर ती त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. कप तसाच धरलेला.

"ती आधी नव्हती, काका."

"काय?"

"रेघ. तिच्यावर पट्टी होती. साहेबांनी साडेअकराला काढायला लावली. मी काढली. मला लहान मूल आहे हो."

बारीकरावांनी कप खाली ठेवला. तो फळीच्या कडेवर अर्धाच टेकला आणि पडून फुटला. टपरीवाला म्हणाला, "राहू द्या काका," तरी ते खाली बसून तुकडे वेचत राहिले.

संध्याकाळपर्यंत साहेबांचं पत्रक निघालं. नकाशात नाल्याची रेघ स्पष्ट दाखवलेली आहे. यंत्रचालकाने नकाशा न पाहता काम केलं. त्याच्या निष्काळजीपणामुळे एक कामगार मरण पावला. मशीनवाल्याला दवाखान्यातून, हाताला प्लास्टर घालून, पोलीस घेऊन गेले. खात्याची चौकशी समिती बसणार होती. ती जे म्हणेल त्यावर त्याची कोठडी ठरणार होती.

त्या संध्याकाळी सुया ओवल्या गेल्या नाहीत. बायको उशी चाचपत म्हणाली, "अहो, एकही नाही यात." मग ती जवळ येऊन बसली. बारीकरावांनी सगळं सांगितलं. वही उघडून तिच्या मांडीवर ठेवली.

"कुणी बघितलीय ही?"

"तू. आत्ता."

"मला कुठे दिसतंय," ती म्हणाली. बराच वेळ ती त्या पानावरून बोट फिरवत होती. मग म्हणाली, "फाडून टाका."

"अगं..."

"मी सांगितलं म्हणून फाडा. पाप माझ्या माथी. आठ महिने राहिलेत तुमचे. पंधरा दिवसांवर माझं ऑपरेशन आहे, तेही खात्याच्या दवाखान्यात. तुम्हाला घरी बसवलं तर कोण विचारतंय मला तिथे? तो मशीनवाला कोण लागतो तुमचा?"

"कुणी नाही."

"मग?"

"त्याने बघितलं होतं गं. सांगितलं तसं, बघून मगच खणायला घेतलं."

तिने रिकामी उशी बाजूला सारली.

"तुम्ही मला कशाला विचारता?" ती म्हणाली. "नवरा बायकोला विचारतो तेव्हा त्याचं ठरलेलंच असतं. त्याला नुसती वाटेकरीण हवी असते." तिने वही मिटून त्यांच्या हातात दिली. "घ्या. मला अक्षर दिसत नाही म्हणून वाचलात. नाहीतर मीच फाडली असती."

चौकशी दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत झाली. लांब टेबल, पलीकडे तीन माणसं, कडेला साहेब. मशीनवाला उभा होता, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेला. दाढी वाढलेली. बसायला खुर्ची होती, पण बस असं कुणी म्हटलं नव्हतं.

"नकाशा पाहिला नव्हतास ना?" मधल्याने विचारलं.

"पाहिला होता साहेब. लांब्यालाही दाखवला होता. तो म्हणाला, माझ्या उंचीचा खड्डा आहे, माती पडली तरी डोकं वर राहील. असाच बोलायचा तो. मीच म्हटलं, उतर बिनधास्त. खाली काही नाही. नकाशात बघितलंय."

"हा बघ नकाशा. आहे ना रेघ?"

तो पुढे वाकून पडद्याकडे बघत राहिला. रेघ शोधायलाच त्याला वेळ लागला.

"आत्ता आहे."

"म्हणजे मधे उगवली?"

टेबलाच्या टोकाला कुणीतरी हसलं. बारीकराव मागच्या भिंतीशी बसले होते. खात्याचा जुना माणूस, काही विचारायचं झालं तर असावा, म्हणून बोलावलेले. ते उठले तेव्हा खुर्ची कण्हली आणि सगळ्यांनी वळून बघितलं.

"उगवली नाही," ते म्हणाले. "मी पुसली होती."

त्यांनी वही टेबलावर ठेवली, पान उघडून. मधल्याने वाचलं. साहेबांनीही मान लांब करून वाचलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"काका," साहेब अगदी मायेने म्हणाले, "यात 'फटी बुजवल्या' लिहिलंय. फटी. रेघ पुसली असं कुठे आहे? दमलायत तुम्ही. बसा."

दार असं उघडं धरलेलं होतं. बाहेर पडायला नुसतं बसायचं होतं. मशीनवाला पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघत होता. हा कोण म्हातारा, एवढंच त्याच्या डोळ्यांत होतं.

बारीकरावांनी खिशातून पेन काढलं. पानाच्या समासात, उभ्यानेच, लिहिलं: "सातपैकी एक फट नव्हती. झाकलेल्या नाल्याची रेघ होती. न तपासता पुसली." आजची तारीख घातली. सही केली. वही मधल्याकडे सरकवली.

"आता आहे," ते म्हणाले.

"पट्टी होती तर निघाली कशी? कुणी काढली?"

चष्मेवाली दाराशी उभी होती. तिच्या भिंगांवर उजेड पडला होता, डोळे दिसत नव्हते.

"ते मला विचारू नका," बारीकराव म्हणाले. "लावली मी. तेवढंच माझ्या सहीखाली आहे."

पुढचं थोडक्यात सांगण्यासारखं आहे. तीन आठवड्यांनी मशीनवाला सुटला. बारीकरावांना चौकशीच्या दिवशीच घरी बसवलं होतं. आठ महिन्यांनी निवृत्तीचा हार मिळायचा, त्याऐवजी एक पाकीट आलं, तेही शिपायाच्या हाती. बायकोचं ऑपरेशन खात्याच्या दवाखान्याने रद्द केलं. मोठ्या दवाखान्यात नंबर लावला, तो यायला वर्ष गेलं, आणि तोवर डावा डोळा हाताबाहेर गेला. साहेबांची बदली झाली. बढतीवर झाली. चष्मेवालीने झाकलेले नाले तीन चौकोन जाड केले, काळेभोर, आणि तिला कुणी कुंपण म्हटलं नाही. लांब्याच्या घरी बारीकराव दोनदा गेले. पहिल्या वेळी दाराला कुलूप होतं. दुसऱ्या वेळी कुलूप नव्हतं, आत माणसं बोलत होती, पण दार उघडलं नाही. ते थोडा वेळ पायरीशी उभे राहिले आणि परत आले.

एका दुपारी मशीनवाला घरी आला. हात जोडला गेला होता, पण वाकडा. मशीन आता त्याला कुणी देत नव्हतं, एका गोदामाच्या फाटकावर बसत होता. बारीकराव खिडकीशी सुया ओवत होते. बायको आतून म्हणाली, "कोण आलंय?" तो म्हणाला, "मी," आणि तिला कळलं असावं, कारण तिने परत विचारलं नाही.

आभार मानायला आला नव्हता तो. बसलासुद्धा नाही.

"एक विचारायचं होतं काका. रोज डोक्यात येतं. तो नाला, खरा, केवढा होता?"

बारीकरावांनी दोन्ही हात पसरले, मग तेही पुरेनात म्हणून खाली घेतले. "दोन माणसं शेजारी शेजारी झोपतील एवढा."

"आणि नकाशात? पट्टी नव्हती तेव्हा?"

बारीकरावांच्या चिमटीत दोरा होता. त्यांनी तो उजेडात धरला. "याच्याहून बारीक."

मशीनवाला त्या दोऱ्याकडे बघत राहिला. राग असता तर बरं झालं असतं. एखादं गणित सोडवावं तसा बघत होता.

"उन्हात मला ती दिसली असती का हो, पट्टी नसती तरी?"

बारीकरावांनी दोरा खाली घेतला.

"मग एवढी बारीक कशाला काढायचात?"

"तसा नियम होता," ते म्हणाले. मग, दोऱ्याकडे बघत, "आणि मला साधायची."

त्याने मान हलवली, पटलं अशी नव्हे, ऐकलं अशी. चपला घातल्या आणि गेला. त्याची पावलं जिन्यावरून उतरताना ऐकू येत होती, एक एक पायरी.

"अहो," बायको आतून म्हणाली, "सुई द्या ना."

बारीकरावांनी दोरा नेढ्याशी नेला. तो बाजूने गेला. परत नेला, परत बाजूने.

"ओवली का?"

"नाही अजून," ते म्हणाले.